फुकटच्या कार्डावर लग्न

“बॉडी भारी घे. बाकीचं सामान काय, दुकानवाला देतोच की फुकटात.”

दिवाळीच्या आसपास हिंगोलीत, वसमतमध्ये, कळमनुरीत, सेनगावात किंवा औंढ्यात नवा कॅमेरा घ्यायला निघालेल्या कुठल्याही पोराला हा सल्ला हमखास मिळतो. देणारी माणसं जुनी असतात, लग्नांच्या शूटिंगमध्ये त्यांची वर्षं गेलेली असतात, त्यामुळे तो सल्ला कुणी तपासून बघत नाही. पोरगं घरच्या हळदीच्या पट्टीतले थोडे पैसे मागून घेतं, उरलेल्याचे हप्ते पाडतं आणि सगळी रक्कम बॉडीवर लावून मोकळं होतं. तुळशीचं लग्न उरकलं की पहिली तारीख येते. त्या दिवशी त्याच्या गळ्यात लाखाचा कॅमेरा असतो, कॅमेऱ्यात फुकटचं कार्ड असतं, खिशात दुसरी बॅटरी नसते आणि स्टँड हात लावला की हलतो.

हा सल्ला मला नुसता चुकीचा वाटत नाही, घातक वाटतो. त्यात पैशाचा हिशोब चुकलेला आहे, यंत्राची समज चुकलेली आहे, आणि ज्याच्या पैशावर हा धंदा चालतो त्या गिऱ्हाइकाबद्दलची वृत्ती तर सगळ्यांत जास्त चुकलेली आहे.

आधी त्या मताची बाजू नीट मांडू, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको. त्याचे चार मुद्दे असतात. पहिला, फोटो कॅमेऱ्यातून निघतो, म्हणून पैसा कॅमेऱ्यातच जावा. दुसरा, गरजेपुरतं जोडसामान कॉम्बोत येतंच. तिसरा, त्यातूनही काही राहिलं तर कमाई सुरू झाल्यावर घेता येतं. आणि चौथा, जो जरा आवाज खाली घेऊन सांगितला जातो: आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला यातलं काय कळतंय?

एकेक घेऊ.

फोटो कॅमेऱ्यातून निघतो, हे विधान ऐकायला बिनचूक वाटतं. मग ज्या मराठी माणसानं कॅमेऱ्यावर सगळं आयुष्य पणाला लावलं, त्यानं काय केलं ते बघा. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून. पैसा मोजका, परदेश अनोळखी, परत जाऊन काही आणण्याची सोय नाही. अशा माणसानं सगळी रक्कम एका जास्त महागड्या कॅमेऱ्यात घातली असती तर ते समजण्यासारखं होतं. त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, आणि त्याच्या जोडीला फिल्मच्या कडेला छिद्रं पाडण्याचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली. त्या काळी कच्ची फिल्म बिनछिद्रांची येत असे. छिद्रं नसतील तर कॅमेऱ्याचे दाते फिल्मला धरणार कशात आणि पुढं ओढणार कशी? मुंबईला परतल्यावर अंधारात बसून ही छिद्रं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके यांनी केलं. मग पैसा लावणाऱ्यांना पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाच्या वाढीवर एक छोटी फिल्म केली. कॅमेरा एका जागी पक्का बसवून महिनाभराहून जास्त काळ एकेक चौकट टिपत ती तयार झाली. त्यातून पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. ते छिद्रांचं यंत्र ‘बाकीचं सामान’ म्हणून लंडनलाच राहिलं असतं, तर विल्यमसनचा कॅमेरा घरात नुसता पुसून ठेवण्याच्या कामाचा उरला असता. रोपासमोर तो महिनाभर हलला असता, तर पैसा लावायला कोण पुढं आलं असतं?

आज छिद्रं पाडावी लागत नाहीत. त्या यंत्राची जागा कार्डानं आणि बॅटरीनं घेतली आहे, आणि आपण नेमकं तेच फुकटात मिळवायला बघतो.

कार्डाचा हिशोब कागदावर मांडून पाहा. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानं लिहिला जातो असं धरलं, तर दर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट आणि तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. फुकटात मिळालेलं १६ जीबीचं कार्ड २१ मिनिटांत भरतं. परण्या निघून, मारुतीला जाऊन, नवरदेव मांडवात येईपर्यंतच एवढा वेळ जातो. मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी हे सगळं अजून व्हायचंच असतं. ६४ जीबीचं कार्डसुद्धा सुमारे ८५ मिनिटंच पुरतं. ही साधी भागाकाराची गोष्ट आहे, आणि बॉडीच्या मॉडेलवर तासन् तास वाद घालणारी माणसं हा भागाकार एकदाही करत नाहीत.

जागेनंतर वेग. कार्डावर मोठ्या अक्षरांत छापलेला १७० किंवा २०० हा आकडा वाचण्याचा असतो, तोही जास्तीत जास्त. शूटिंगला लागतो तो न थांबता लिहिण्याचा किमान वेग, आणि तो कोपऱ्यातल्या छोट्या खुणेत दडलेला असतो. क्लास १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, व्ही ३० म्हणजे किमान ३०, व्ही ६० म्हणजे किमान ६०. वरच्या हिशोबाला साडेबारा लागतात, म्हणजे क्लास १०ची हमी तिथंच अपुरी पडते. ऐन कन्यादानात शूटिंग आपोआप थांबलं की पोरगं कॅमेऱ्याला दोष देतं, आणि जुनी माणसं त्याला आणखी भारी बॉडी घ्यायला सांगतात.

नकली कार्डांचा प्रकार तर याहून वाईट आहे. आत १६ जीबी असताना कॅमेऱ्याला १२८ जीबी दाखवणारी कार्डं बाजारात फिरतात. खरी जागा संपल्यावरही कॅमेरा लिहीतच राहतो, पडद्यावर सगळं ठीक दिसतं, आणि घरी आल्यावर फाइल उघडत नाही. कार्ड पूर्ण भरून ते पुन्हा वाचून पाहणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. नवं कार्ड लग्नात नेण्याआधी त्यातून काढलं पाहिजे, आणि एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डं घेतली पाहिजेत, म्हणजे एक दगावलं तरी अर्धं लग्न हातात राहतं.

बॅटरीची गोष्ट वेगळी नाही. एका चार्जिंगमध्ये किती फोटो निघतात हे मोजण्याची पद्धत जपानच्या कॅमेरा उद्योगाची सीपा नावाची संस्था ठरवून देते. त्या पद्धतीनं निकॉनच्या आरसा असलेल्या डी ५६००साठी हा आकडा ९७० आहे. सुरुवातीच्या किमतीतले बरेच मिररलेस कॅमेरे तीनशे-चारशेच्या घरात आहेत, कारण त्यांचा पडदा आणि सेन्सर सतत चालू असतो. म्हणजे नव्या पिढीची ‘भारी बॉडी’ जुनीपेक्षा जास्त बॅटरी खाते. त्यात आपला उन्हाळा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात हिंगोलीत पारा त्याच्या वर जातो आणि बंद जीपमध्ये ठेवलेल्या बॅगेत तर किती होतं ते हात घालून बघा. वर लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. अशा जिल्ह्यात एका बॅटरीवर लग्न घेणारा माणूस गिऱ्हाइकाचं लग्न दैवावर सोडतो. कंपनीची बॅटरी महाग पडते, हे खरं. पण बाहेरची स्वस्त बॅटरी चार्ज किती उरला हे अनेकदा चुकीचं दाखवते आणि अचानक मान टाकते. एक जादा बॅटरी, तीही कंपनीची, आणि गाडीतून चार्ज करण्याची सोय, एवढ्याला बॉडीच्या किमतीत फार थोडी जागा लागते.

भारी बॉडीनं काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. कमी उजेडात तिचा फोटो स्वच्छ येतो, फोकस लवकर लागतो. पण हा फायदा कार्ड चालू असेपर्यंतचा आणि बॅटरीत जीव असेपर्यंतचा आहे. ती दोन्ही संपली की साठ हजारांच्या आणि दीड लाखाच्या कॅमेऱ्यात काय फरक उरतो?

आता दुसरा मुद्दा. गरजेपुरतं कॉम्बोत येतं म्हणतात. कॉम्बोची पिशवी उघडून पाहू.

सगळ्यांत वर यूव्ही फिल्टर असतो. फिल्मच्या काळात त्याला अर्थ होता, कारण फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम होत असे. डिजिटल सेन्सरच्या पुढं ती किरणं अडवणारी काच आधीच बसवलेली असते. मग हा फिल्टर करतो काय? लेन्सपुढं आणखी एक काच उभी करतो. संध्याकाळी मांडवात एलईडीच्या माळा लागल्या की त्या काचेवरून परतलेला उजेड फोटोत हिरवट ठिपक्यांच्या रूपानं उतरतो. कोटिंग नसलेल्या स्वस्त काचेत तर नवरीच्या कपाळावरसुद्धा उतरतो. आपल्या जिल्ह्यात या काचेचा खरा उपयोग एकच आहे, आणि तो कुठल्या कॉम्बोच्या खोक्यावर लिहिलेला नसतो. आपल्याकडं हळद उडते. लग्नाच्या हळदीत उडते, आणि पॉलिश करताना, बाजारात पोती उघडताना तर हवेतच असते. तिथं चांगल्या कोटिंगची काच लेन्सचं रक्षण करते. म्हणून हळद असेल तिथं लावा आणि दिवे लागले की काढा. एरवी धक्क्यापासून आणि तिरप्या उन्हापासून लेन्सला वाचवायचं असेल तर साधं हूड जास्त काम करतं. आणि घेण्याआधी लेन्सच्या तोंडावर लिहिलेलं माप वाचा. ४९ मिलिमीटर, ५८, ६७ अशी मापं वेगवेगळी असतात. कॉम्बोतल्या फिल्टरला तुमच्या लेन्सचं माप माहीत नसतं.

त्याखाली स्टँड. पायांत प्लास्टिकचे सांधे, वजन इतकं कमी की पंख्याच्या वाऱ्यानं थरथरतो. ‘स्टँड म्हणजे स्टँड, त्यात काय’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच औंढा तालुक्यात काय उभं राहतंय ते पाहावं. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केलेला लायगो-इंडिया प्रकल्प इथं येतो आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंतून लेसरचा किरण जाईल आणि गुरुत्वीय लहरी मोजल्या जातील. अमेरिकेतल्या लायगोत सुमारे ४० किलो वजनाचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेले आहेत, जमिनीचं कंपन त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून. नुसता लेसर आणि आरसा घेऊन काही मोजता येत नाही. तो आरसा स्थिर कसा ठेवला यावर सगळं मोजमाप उभं आहे. जगातल्या सगळ्यांत नाजूक मोजणीसाठी शास्त्रज्ञ आधारावर एवढा विचार आणि पैसा खर्च करतात, तेही आपल्या तालुक्यात, आणि आपण लाखाचा कॅमेरा फुकटच्या तीन काड्यांवर ठेवायचा? स्टँड किती वजन पेलतो ते आधी वाचा, आपल्या कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या वजनाच्या दुप्पट तरी पेलणारा घ्या, मधला दांडा शक्यतो वर काढू नका, त्याच्या हुकाला बॅग टांगा. मांडवाच्या गर्दीत तीन पाय पसरायला जागा नसेल तर एकपायी मोनोपॉड घ्या. तोही परवडत नसेल तर खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवा. हलक्या स्टँडपेक्षा ते बरं, कारण स्टँडवर विसंबलेला माणूस कॅमेऱ्यावरचा हातच काढून घेतो.

पिशवीच्या तळाशी फ्लॅश आणि माइक. हे आपल्या कॅमेऱ्याला चालतात का, हा प्रश्न कोण विचारतं? कॅननच्या १५०० डी या आपल्याकडं पुष्कळ खपलेल्या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावण्याचं भोकच नाही. कॅननच्याच २०० डी मार्क टू या कॅमेऱ्याच्या हॉटशूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे फक्त त्या एका बिंदूवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यावर उडत नाहीत. अशा कॅमेऱ्यांबरोबर तो माइक आणि तो फ्लॅश आनंदानं घरी नेणारी माणसं सामान घेत नाहीत, वजन घेतात.

राहिलं सफाईचं किट. त्यातलं कापड हळद बसलेल्या लेन्सवर कोरडं फिरवलं की भुकटीचे कण कोटिंगवर घासले जातात. आधी रबरी ब्लोअरनं उडवायचं, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यांत शेवटी लेन्सचं द्रावण लावलेलं मायक्रोफायबर. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ओलं कापड फिरवून तो जात नाही, पसरतो. एक चांगला ब्लोअर काही शेकड्यांत मिळतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या हळद बाजाराचं नाव देशभर आहे, आणि या जिल्ह्यातल्या फोटोग्राफरच्या बॅगेत ब्लोअर नाही, हे कसं चालतं?

तिसरा मुद्दा: राहिलेलं पुढं बघू, कमाई सुरू झाल्यावर.

ही कमाई सुरू कुठून होते? पहिल्या लग्नातून. गावात एका लग्नाचं काम दुसऱ्या लग्नात जाहिरात होऊन जातं; नवरीच्या मावशीनं अल्बम बघितला की मावशीच्या पोरीची तारीख ठरते. पहिल्याच लग्नात कार्ड दगावलं तर ती साखळी तिथंच तुटते. सामान पुढं घेऊ म्हणणारे असं धरून चालतात की अपघात त्यांची कमाई होईपर्यंत थांबेल. तो कशासाठी थांबेल?

आणि जे ‘पुढं’ सगळ्यांत हमखास ढकललं जातं, त्याची किंमत सगळ्यांत जास्त असते. आपली लग्नसराई उन्हाळ्यात संपते. चातुर्मासात मुहूर्त नसतात. कॅमेरा गादीच्या बॅगेत घालून कपाटात जातो तो तुळशीच्या लग्नालाच बाहेर येतो. हे चार महिने म्हणजे नेमका पावसाळा. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, अंधार असला आणि हवा खेळत नसली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. तिचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात आणि फार दिवस राहिले तर कोटिंग कोरतात. लेन्स उघडून बुरशी पुसता येते, पण गेलेलं कोटिंग परत येत नाही. पुसण्यासाठीही लेन्स मोठ्या शहरात पाठवावी लागते, आणि ती येईपर्यंत लग्नाच्या तारखा उलटून जातात. हे टाळायला लागतं काय? घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा उपाय सोडून द्या. तांदूळ ओलावा फार कमी ओढतो आणि त्याचा भुसा फटींत जातो. हे सगळं मिळून एका वरातीत उडणाऱ्या फटाक्यांपेक्षा स्वस्त आहे. तरीही लाखाचं यंत्र चार महिने ओल्या कपाटात ठेवलं जातं, कारण डबा ‘कॅमेऱ्याचं सामान’ वाटत नाही.

आता चौथा मुद्दा. इथं मला खरा राग येतो. “आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला काय कळतंय.”

त्याला अ‍ॅपर्चर कळत नसेल. आपल्या आईचा चेहरा काळा पडला आहे, हे त्याला कळतं. दुपारच्या लग्नात ऊन डोक्यावर असतं, मांडवाबाहेर डोळे दिपतात, आत सावली असते, आणि उन्हात रापलेला शेतकऱ्याचा चेहरा टोपीच्या किंवा पदराच्या सावलीत बुडून जातो. तिथं बॉडी कितीही भारी असो, डोळ्यांच्या खोबणीत उजेड घालायला काहीतरी लागतं. पांढऱ्या थर्माकोलचा एक पत्रा समोरून धरला तरी तो उजेड येतो. फ्लॅश वर छताकडं फिरवून मारा, असं सगळीकडं शिकवतात. पण ते शिकवणाऱ्यांच्या डोक्यावर पांढरं छत असतं. आपल्या मांडवाचं छत लाल, पिवळं, गुलाबी कापडाचं असतं. त्यावरून परतलेला उजेड नवरीच्या चेहऱ्यावर तोच रंग ओततो. म्हणून इथं फ्लॅशला पांढरं कार्ड लावावं लागतं, किंवा फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून, ट्रिगर घेऊन, स्टँडवर पांढऱ्या छत्रीसमोर बसवावा लागतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे तो स्टँड स्टेजजवळ हवा. हे जोडसामान चैनीचं आहे असं कोण म्हणेल? ते म्हणणाऱ्यानं आपल्या घरच्या लग्नाचा अल्बम काढून त्यातले म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघावेत.

आवाजाचंही तेच. कॅमेऱ्यातला माइक डीजे, पंखा, शेजारच्या टेबलावरची भांडी, सगळं एकाच मापानं पकडतो. मंगलाष्टकं म्हणणारा मामा आणि पाठवणीला रडणारी आई यांचा आवाज त्यात कुठं असतो? भटजींच्या माइकजवळ ठेवलेला एक छोटा रेकॉर्डर किंवा नवरदेवाच्या कोटाला लावलेला कॉलर माइक तो आवाज वाचवतो. वीस वर्षांनी त्या घरात कॅमेऱ्याचं मॉडेल कुणाला आठवणार नाही. आईचा आवाज ऐकायला मात्र सगळे बसतील.

आणि एक गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. गावाकडं पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा चांगला म्हणावा असा शेवटचा फोटो कुठल्या तरी लग्नातला असतो. माणूस गेलं की घरची माणसं तोच फोटो शोधत येतात, त्यातला चेहरा मोठा करून भिंतीवर लावतात, दहाव्याच्या बॅनरवर छापतात. त्या वेळी तो चेहरा हललेला असेल, सावलीत बुडलेला असेल, कार्डाबरोबर गेलेला असेल, तर ‘गिऱ्हाइकाला काय कळतंय’ हे वाक्य त्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून म्हणून दाखवता येईल का?

यावर एक उलटा सूर निघतो: म्हणजे आता सगळंच घ्यायचं का? मोठ्या शहरातले व्हिडिओ बघून गिंबल, केज, कमी-जास्त होणारा एनडी फिल्टर, ड्रोन अशी यादी करणारी पोरंही आपल्याकडं आहेत. त्यांचा हट्टही मला मान्य नाही, आणि कारण तेच आहे. दोघंही कामाकडं न बघता सामान ठरवतात. एक म्हणतो काही नको, दुसरा म्हणतो सगळं हवं. सामान काय घ्यायचं हे जागा आणि काम ठरवतं. औंढा नागनाथच्या हेमाडपंती मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं टिपायची असतील तर काही विकत घ्यायची गरज नाही. सकाळचं तिरपं ऊन कोरीवकामाच्या कडा जशा उठवतं तशा कुठलाही फ्लॅश उठवत नाही. इसापूर किंवा सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावरची चकाकी काढायची असेल तर पोलरायझर हवा, कारण परावर्तित उजेडाची ही छाटणी नंतर कॉम्प्युटरवर नीट जमत नाही. पावसाळ्यात वारीच्या वाटेवर किंवा नर्सीला यात्रेत जायचं असेल तर जाड पॉलिथिनची पिशवी, रबरबँड आणि कोरडा टॉवेल हवा. हळद बाजारात काम असेल तर लेन्स तिथं बदलायचीच नाही. एकाच लेन्सवर निभवायचं आणि बाहेर आल्यावर ब्लोअर मारायचा. यातलं काहीही कुठल्या कॉम्बोत नाही आणि कुठल्या शहरी यादीतही नाही.

म्हणून नवा कॅमेरा घेणाऱ्या पोरांना माझं सांगणं उलट्या बाजूनं सुरू होतं. एकूण रकमेतला चौथा हिस्सा आधी बाजूला काढा आणि त्याला हात लावू न देता उरलेल्यात बसेल ती बॉडी घ्या. एक पायरी खालची आली तरी चालेल. त्या चौथ्या हिश्शातून तपासलेली दोन कार्डं, कंपनीची दुसरी बॅटरी, सिलिका जेलचा डबा आणि ब्लोअर पहिल्याच दिवशी घ्या. मग कॅमेऱ्याला जुळतो याची खात्री करून एक फ्लॅश, ट्रिगर आणि छत्री. व्हिडिओ करणार असाल तर माइक, तोही कॅमेऱ्याला भोक आहे का ते बघून. नसेल तर वेगळा रेकॉर्डर. स्टँड एकच घ्या पण वजन पेलणारा. बाकी काही घेण्याआधी आपल्या कामात नेमकं काय अडलं ते वहीत लिहा, आणि तीन लग्नांत एकच गोष्ट अडली तरच तिच्यासाठी पैसा काढा. दुकानदार फुकट देतो म्हणून काही घेऊ नका. त्याऐवजी बिलात तेवढी सूट मागा आणि त्या पैशात चांगलं कार्ड घ्या.

जुन्या माणसांना हे पटणार नाही. ते म्हणतील, आम्ही अशीच लग्नं काढली. तुमच्या हातून जे निसटलं ते कुणी मोजलं नाही, आणि ज्यांचं निसटलं ती माणसं तक्रार करायलासुद्धा आली नाहीत, कारण त्यांना वाटलं फोटो असाच येतो. या गप्प बसण्यावर आपला हा सल्ला इतकी वर्षं चालला. तो आता थांबला पाहिजे. कॅमेरा हे कामाचं एक अंग आहे; कार्ड, बॅटरी, आधार, उजेड, आवाज आणि कोरडी जागा ही त्याच कामाची बाकीची अंगं आहेत, आणि यातलं एकही फुकटात मिळत नाही. जो त्यांचा खर्च वाचवतो, तो तो खर्च गिऱ्हाइकाच्या लग्नातून वसूल करतो. हिंगोलीतल्या शेतकऱ्यानं हळद विकून दिलेल्या पैशाला पुण्या-मुंबईच्या पैशाइतकीच किंमत आहे, आणि त्याच्या पोरीच्या लग्नाला दुसरी संधी नाही. म्हणून आधी सामान, मग बॉडी. हा क्रम उलटा करणाऱ्यानं लग्नाची सुपारी घेऊ नये.